विंडोज बदलताना बॅकअप सॉफ्टवेअर कसे सांभाळावे : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांनी नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे. तरीही घरे, शाळा, सीएंची कार्यालये आणि लहान दुकाने यांमधील कितीतरी संगणक विंडोज ११ वर नेले जात आहेत, नाहीतर त्यांच्या जागी नवे येत आहेत. असा बदल झाला की प्रिंटर चालतो का, टॅली उघडते का, मराठी टंकलेखन नीट होते का, हे लोक पहिल्याच दिवशी पाहतात, कारण त्यावाचून काम अडते. बॅकअप सॉफ्टवेअरवाचून त्या दिवशी कोणाचेच काम अडत नाही. त्यामुळे ते तपासायचे राहून जाते, आणि पुढे कधीतरी हार्ड डिस्क उडाली की शेवटचा धड बॅकअप विंडोज बदलण्यापूर्वीचा आहे हे कळते.

ज्यांच्याकडे एक ते पाच-सहा संगणक आहेत आणि त्यांची देखभाल स्वतःच करावी लागते, अशांना समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. भर विंडोजवर आहे. मॅक आणि लिनक्स यांच्याविषयी आवश्यक तेवढेच सांगितले आहे. या पायऱ्यांचा क्रम मात्र काटेकोरपणे पाळावा : आधी बॅकअप सॉफ्टवेअर नव्या विंडोजला चालणारे करून घ्यावे, मग विंडोज बदलावे, आणि नव्या विंडोजवर एखादी तरी फाइल परत आणून पाहीपर्यंत काम संपले असे मानू नये.

बॅकअप सॉफ्टवेअर इतर सॉफ्टवेअरहून वेगळे का

पत्र लिहिण्याचे किंवा चित्र पाहण्याचे सॉफ्टवेअर विंडोजच्या वरच्या थरावर चालते, म्हणून विंडोजची आवृत्ती बदलली तरी त्याचे सहसा काही बिघडत नाही. संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज, घेणारे बॅकअप सॉफ्टवेअर मात्र विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेले असते. चालू असलेल्या फाइली, उघडी असलेली हिशेबाची वही, स्वतः विंडोजच्या वापरात असलेल्या फाइली या सर्वांची एका क्षणाची स्थिर प्रत मिळवण्यासाठी ते ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ या सेवेचा आधार घेते. ही सेवा विंडोज एक्सपीच्या काळापासून विंडोजमध्ये आहे. याशिवाय मागील बॅकअपनंतर डिस्कचा कोणता भाग बदलला याची नोंद ठेवण्यासाठी बरीच सॉफ्टवेअरे स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा छोटा प्रोग्राम, बसवतात. हा ड्रायव्हर नव्या विंडोजला मान्य नसेल, तर बॅकअप अर्ध्यात थांबतो, अतिशय मंद होतो किंवा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडतो.

एकाच संगणकावर दोन इमेज सॉफ्टवेअरे ठेवू नयेत, असे जाणकार सांगतात त्याचे कारणही हेच आहे. दोघांचे ड्रायव्हर आणि शॅडो कॉपीचे घटक एकमेकांच्या आड येतात, आणि दोष नेमका कोणाचा हे शोधण्यात दिवस जातो. इमेजसाठी एक आणि निवडक फोल्डरांच्या साध्या प्रतींसाठी दुसरे, अशी जोडी मात्र सहसा गुण्यागोविंदाने नांदते.

पायरी पहिली : संगणकाची नोंद करणे

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक संगणकाला एक पान द्यावे. ही नोंद संगणकातच फाइल करून ठेवली, तर नेमकी गरज पडेल तेव्हा ती उघडता येणार नाही, म्हणून कागदच बरा.

विंडोजची कळ आणि ‘आर’ ही कळ एकत्र दाबली की ‘रन’ची छोटी चौकट उघडते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत ‘विनव्हर’ (winver) असे टाइप केल्यास विंडोजची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो. त्याच चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) टाइप केल्यास संगणकाची सविस्तर माहिती येते. तिच्यातील दोन ओळी उतरवून घ्याव्यात. ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत संगणकाचा प्रोसेसर एक्स६४ जातीचा आहे की एआरएम हे कळते, आणि ‘बायोस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ (संगणक सुरू होण्याची जुनी पद्धत) किंवा ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) यांपैकी एक शब्द असतो. पान साधारण असे दिसावे : ‘समोरच्या टेबलावरील संगणक. विंडोज १० प्रो, २२एच२. एक्स६४. बायोस मोड लेगसी. डिस्क ५०० जीबी, भरलेली २१० जीबी. बॅकअप सॉफ्टवेअरचे नाव आणि पूर्ण आवृत्ती क्रमांक. लायसन्स की. लायसन्स ज्या ईमेलवर घेतले तो पत्ता. बॅकअप कोणत्या डिस्कवर जातो. बॅकअपचा पासवर्ड कोणाकडे आहे.’

यातल्या ‘एआरएम’ या शब्दाकडे नव्या लॅपटॉपच्या खरेदीत विशेष लक्ष द्यावे. २०२४ च्या मध्यापासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप दुकानांत सहज दिसू लागले. नेहमीची सॉफ्टवेअरे त्यांच्यावर रूपांतराच्या सोयीने चालतात, परंतु ड्रायव्हरला ती सोय नाही. तो मुळातच एआरएमसाठी बनवलेला असावा लागतो. त्यामुळे वर्ड, ब्राउझर सर्व काही चालते आणि बॅकअप सॉफ्टवेअर मात्र बसतच नाही, असे घडू शकते. दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच पाहावे.

पायरी दुसरी : सुसंगततेचा तक्ता वाचणे

प्रत्येक बऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर ‘सिस्टीम रिक्वायरमेंट्स’ किंवा ‘सपोर्टेड ऑपरेटिंग सिस्टीम्स’ या नावाचे पान असते. नवशिके त्यात केवळ ‘विंडोज ११’ हे शब्द शोधतात आणि ते दिसले की पान बंद करतात. तेवढ्याने भागत नाही.

सर्वप्रथम, तो तक्ता सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे पाहावे. पाच वर्षांपूर्वी विकत घेतलेली आवृत्ती आणि आज विक्रीस असलेली आवृत्ती यांचे तक्ते वेगळे असतात, आणि समोर उघडणारे पान बहुधा नव्याचे असते. त्यानंतर विंडोज ११ ची कोणती आवृत्ती चालते हे पाहावे, कारण ‘विंडोज ११’ हे एकच नाव असले तरी तिची दरवर्षी नवी आवृत्ती निघते, आणि होम व प्रो प्रकारांतील प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच आधार मिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे एडिशन. काही मोफत सॉफ्टवेअरे होम आणि प्रोवर चालतात, पण विंडोज सर्व्हरवर बसण्यास नकार देतात. शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या कार्यालयात सर्व्हर असेल तर हे आधीच पाहिलेले बरे.

तक्त्यात फारसे ठळक न लिहिलेले, पण सर्वांत महत्त्वाचे वाक्य जुन्या बॅकअपविषयीचे असते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सहसा जुन्या आवृत्तीने घेतलेले बॅकअप उघडते. जुनी आवृत्ती नव्याने घेतलेले बॅकअप उघडेलच याची शाश्वती नसते. चार संगणकांवर एकच सॉफ्टवेअर असेल आणि त्यांपैकी एकावरच नवी आवृत्ती टाकली, तर त्या एका संगणकाचा बॅकअप उरलेल्या तिघांवर उघडणार नाही, ही शक्यता धरून चालावे.

विंडोजमध्येच असलेल्या सोयींबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. कंट्रोल पॅनलमधील ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ हा जुना पर्याय अजून दिसतो आणि चालतोही. परंतु त्यातली सिस्टीम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच मावळतीच्या यादीत टाकली आहे, म्हणून नवी घडी तिच्यावर बसवू नये. विंडोज ११ मधील ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप मुख्यतः सेटिंग्ज आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर पाठवते. तेथे मोफत जागा ५ जीबी एवढीच असते. घरातील एका लग्नाचे फोटोसुद्धा तेवढ्यात मावत नाहीत.

पायरी तिसरी : विंडोज बदलण्यापूर्वीची तयारी

नव्या विंडोजला चालणारी बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती जुन्या विंडोजवरच बसवून घ्यावी आणि तिच्याने एक पूर्ण इमेज घ्यावी. येथे ‘इन्क्रिमेंटल’, म्हणजे केवळ बदललेल्या भागाचा बॅकअप घेऊ नये. त्याची साखळी मागच्या सर्व दुव्यांवर अवलंबून असते, आणि ऐन वेळी त्यातला एक दुवा तुटका निघाला तर पुढचे सारे निकामी ठरते. इमेज घेऊन झाली की सॉफ्टवेअरमधील ‘व्हेरिफाय’ किंवा ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय चालवावा, आणि मग ती बाह्य डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली डिस्क इन्स्टॉलेशनच्या वेळी चुकून फॉरमॅट होण्याचे प्रकार जितके वाटतात तितके विरळ नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या, फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला तेव्हाही संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या बॅकअप डिस्का संगणकासोबतच कुलूपबंद झाल्या होत्या.

इमेज घेताना ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ या छोट्या, लपलेल्या विभाजनाशी अडून बॅकअप थांबल्यास घाबरू नये. शॅडो कॉपीला प्रत्येक विभाजनात थोडी मोकळी जागा लागते. ५०० एमबीपेक्षा लहान विभाजनात किमान ५० एमबी मोकळे असावे लागतात. विंडोज ७ च्या काळी बसवलेल्या संगणकांवर हे विभाजन १०० एमबीचेच असते आणि काळाच्या ओघात भरून जाते. सी ड्राइव्हवर शेकडो जीबी जागा मोकळी असताना ‘पुरेशी जागा नाही’ असा निरोप येतो, तो यामुळे.

यानंतर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती त्याच वहीत हाताने उतरवून घ्यावी आणि उतरवलेले आकडे एकदा मोठ्याने वाचून ताडून पाहावेत. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती कोऱ्या डिस्कवर टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते, म्हणून आज ते बंद असले तरी नव्या विंडोजनंतर पुन्हा पाहावे लागेल. चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये माहिती उघडीच असते, हेही ध्यानात ठेवावे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे म्हणून बॅकअपही सुरक्षित आहे असे होत नाही. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावावा लागतो.

शेवटी बायोस मोड. विंडोज ११ ला यूईएफआय आणि टीपीएम २.० हा संगणकातला सुरक्षेचा घटक लागतो. संगणक पात्र असूनही वहीत ‘लेगसी’ लिहिलेले असेल, तर डिस्कच्या विभाजनांची रचना एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. विंडोज १० मध्ये त्यासाठी ‘एमबीआर२जीपीटी’ (mbr2gpt) नावाचे साधन आहे. हा बदल करण्याआधीची इमेज जपून ठेवावी, पण ती पूर्वीच्या रचनेची आहे असे तिच्या लेबलवर स्पष्ट लिहावे. ती नंतर तशीच परत टाकली तर माहिती सर्व येईल, मात्र यूईएफआयवर सेट केलेला संगणक तीवरून सुरू होणार नाही. रचना बदलून संगणक नीट सुरू झाला की लगेच दुसरी पूर्ण इमेज घ्यावी.

पायरी चौथी : संकटकाळचा पेन ड्राइव्ह

विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा इमेज परत आणण्यासाठी बॅकअप सॉफ्टवेअर ‘रेस्क्यू मीडिया’ बनवून देते. आठ किंवा सोळा जीबीचा एक पेन ड्राइव्ह यासाठी राखून ठेवावा आणि त्यावर दुसरे काही साठवू नये. यूईएफआय संगणकांना सुरू होण्यासाठी हा ड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून इमेज वेगळ्या डिस्कवर आणि रेस्क्यू ड्राइव्ह वेगळा हेच योग्य.

ड्राइव्ह बनवल्यावर त्यावरून संगणक खरोखर सुरू करून पाहावा. सुरू झालेल्या पडद्यावर आपली बाह्य डिस्क दिसते का, तिच्यातील इमेज यादीत येते का, आणि संगणकातली अंतर्गत डिस्क दिसते का, या तिन्हींची खात्री झाली की ‘कॅन्सल’ करून बाहेर पडावे. नव्या लॅपटॉपांवर अंतर्गत एसएसडी रेस्क्यू ड्राइव्हला दिसत नाही असे पुष्कळदा होते, कारण त्या लॅपटॉपचा स्टोरेज ड्रायव्हर त्यात नसतो. तो रेस्क्यू ड्राइव्ह बनवतानाच घालावा लागतो. ही उणीव शांतपणे बसून दूर करता येते. डिस्क उडाल्यावर, दुसऱ्याच्या संगणकावर बसून ती दूर करणे फार जिकिरीचे होते.

रेस्क्यू ड्राइव्ह एकदा बनवला म्हणजे जन्माचे काम झाले, ही समजूत आता सोडावी लागेल. संगणक सुरू होताना सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय ज्या प्रमाणपत्रांच्या आधारे ‘हा ड्राइव्ह विश्वासाचा आहे’ असे ठरवते, त्यांपैकी मायक्रोसॉफ्टने २०११ साली काढलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते, आणि जुने, सदोष ठरलेले बूट घटक नाकारण्याचे अपडेटही विंडोजमधून येत असतात. म्हणजे विंडोज अद्ययावत होत राहिले आणि ड्राइव्ह जुनाच राहिला, तर संगणकच तो नाकारू शकतो. सॉफ्टवेअरची किंवा विंडोजची आवृत्ती बदलली की ड्राइव्ह नव्याने बनवावा आणि त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी.

पायरी पाचवी : नव्या विंडोजवरचा पहिला आठवडा

विंडोज १० वरून ११ वर थेट अपग्रेड केल्यास मागे परतण्यासाठी १० दिवस मिळतात. तोवर जुने विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असते आणि कित्येक जीबी जागा खाते. या काळात घेतलेली इमेज त्या प्रमाणात फुगते. बॅकअप डिस्क लहान असेल तर हे फोल्डर वगळावे किंवा ते निघून गेल्यावर नवी पूर्ण इमेज घ्यावी. काहीही केले तरी जुन्या विंडोजवरची इन्क्रिमेंटल साखळी तशीच पुढे ओढू नये; नव्या विंडोजवर पूर्ण बॅकअपने नवी साखळी सुरू करावी.

आधी सॉफ्टवेअर उघडून वेळापत्रक जागेवर आहे का ते पाहावे. त्याची पार्श्वभूमीत चालणारी सेवा अपग्रेडनंतर बंद पडलेली असू शकते. खिडकी उघडते, जुनी नोंद दिसते, आणि सर्व ठीक आहे असे वाटते. मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून त्यात इंग्रजी अक्षरांत ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ (vssadmin list writers) ही आज्ञा द्यावी. शॅडो कॉपीत भाग घेणाऱ्या घटकांची यादी येते. प्रत्येकाच्या खाली ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ असे शब्द हवेत. एखाद्यापुढे ‘फेल्ड’ असल्यास आधी संगणक पूर्णपणे रीस्टार्ट करून पुन्हा पाहावे. तेवढ्यानेच पुष्कळदा काम होते.

बॅकअप एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवण-पेटीवर, जात असेल तर खरी गाठ येथे पडते. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी जोडणीला, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या विंडोजच्या पद्धतीला, डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली आहे आणि पासवर्डाविना ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश बंद आहे. त्याआधी २०१७ पासूनच एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या विंडोजमध्ये बसवलेली नसते. आठ-दहा वर्षांपूर्वीचे एनएएस त्यामुळे एकाएकी ‘सापडत नाही’. इंटरनेटवर याला सुचवला जाणारा उपाय म्हणजे ही सुरक्षा बंद करणे. तो करू नये. एनएएसचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे, बॅकअपसाठी त्यावर पासवर्डासह स्वतंत्र खाते उघडावे आणि ते खाते दैनंदिन कामाला वापरू नये. इतके करूनही जोडणी होत नसेल, तर त्या एनएएसचे आयुष्य संपले असे समजून नवा घ्यावा.

यानंतर रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत आणणे. पाच-सहा फाइली निवडून त्या मूळ जागी न आणता ‘तपासणी’ अशा नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आणाव्यात आणि प्रत्येक उघडून पाहावी. या निवडीत देवनागरी नावाची एक लांबलचक फाइल अवश्य घ्यावी. अनेक एनएएस आतून लिनक्सवर चालतात, आणि तेथील प्रचलित ईएक्सटी४ पद्धतीत एका फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणकाला तो दहा चिन्हांचा आणि तीस बाइटांचा आहे. म्हणजे साधारण ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेले की विंडोजवर बिनतक्रार चालणारी फाइल एनएएसवर उतरतच नाही, आणि एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरांवर ही मर्यादा आणखी कमी असू शकते. शासकीय परिपत्रके विषयाच्या पूर्ण ओळीने जतन करण्याची सवय शाळांमध्ये आहे, तेथे हा प्रश्न हमखास येतो. संपूर्ण इमेज घेतली तर ही अडचण नसते, कारण सर्व फाइली एकाच मोठ्या फाइलच्या पोटात जातात. फोल्डरांची जशीच्या तशी प्रत घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने ठेवलेल्या कामाच्या नोंदीत, मात्र अशा सुटलेल्या फाइली शोधाव्यात आणि त्यांची नावे छोटी करावीत.

मॅक आणि लिनक्स असल्यास

मॅकवर टाइम मशीन हे ॲपलचेच साधन असल्याने सुसंगततेची चिंता कमी. मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलल्यावर बाहेरचे बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सिस्टीम सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ येथे जाऊन ‘फुल डिस्क ॲक्सेस’ची परवानगी त्याला आहे का ते पाहावे. ती नसेल तर बॅकअप पूर्ण झाल्याचे दिसते, पण मेल, मेसेजेस यांसारखी फोल्डर त्यात नसतात. इंटेल प्रोसेसरच्या मॅकना मॅकओएस २६ टाहो हीच शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. त्यांच्या मालकांनी सध्याच्या बॅकअप सॉफ्टवेअरची शेवटची चालणारी आवृत्ती उतरवून ठेवावी.

लिनक्सवर इमेज घेणारी काही सॉफ्टवेअरे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, स्वतःचे मॉड्यूल घालतात, आणि कर्नल अपडेट झाला की ते मॉड्यूल नव्याने बांधावे लागते. उबुंटूची एलटीएस आवृत्ती, जिला पाच वर्षे नियमित आधार मिळतो, वापरल्यास ही धावपळ कमी होते. लिनक्स मिंटसोबत येणारे टाइमशिफ्ट हे सिस्टीम मागे नेण्यासाठी आहे. नेहमीच्या मांडणीत ते आपल्या घर-फोल्डरमधील कागदपत्रे घेतच नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

जे संगणक बदलताच येत नाहीत

महाराष्ट्रातल्या अनेक छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत एक तरी संगणक असा असतो, की ज्यावर पेजमेकर ७, श्रीलिपी आणि तिचा डोंगल लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी किल्ली) अजून चालू आहे. वीस वर्षांच्या दिवाळी अंकांची, लग्नपत्रिकांची, स्मरणिकांची पाने त्यातच आहेत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि आजच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या तक्त्यात ही नावे शोधून सापडत नाहीत. अशा संगणकावर नवे सॉफ्टवेअर दामटून बसवू नये. क्लोनझिलासारखे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून स्वतःच सुरू होते आणि संगणकातल्या विंडोजला न उठवता डिस्कची प्रत घेते. आतले विंडोज कितीही जुने असले तरी त्याला फरक पडत नाही. संगणक बंद ठेवून घेतलेली अशी एक प्रत दर तीन-चार महिन्यांनी घ्यावी.

त्याबरोबर फॉन्टच्या फाइली, मूळ सीडीतील इन्स्टॉलर, डोंगलचा ड्रायव्हर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर वेगळ्या फोल्डरमध्ये साठवावेत. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टवाचून निरर्थक चिन्हांची रांग होतो, म्हणून नुसती पाने जपून भागत नाही. डोंगल ही वस्तू आहे. तिचा बॅकअप निघत नाही, ती कुलपातच ठेवावी. आणि हा संगणक इंटरनेटला जोडू नये.

पायरी सहावी : नियमित देखभाल

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते, आपल्याकडे ते रात्री किंवा बुधवारी पोहोचते. महत्त्वाचे काम असलेल्या संगणकाचा बॅकअप मंगळवारी रात्री ठेवावा, म्हणजे अपडेटने काही बिघडवल्यास परत फिरायला ताजी जागा असते. वार्षिक मोठे अपडेट मात्र निघाल्याबरोबर घेऊ नये. सेटिंग्जमधून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, आणि तेवढ्या अवधीत बॅकअप सॉफ्टवेअरची कंपनी आपला तक्ता सुधारते. मासिक सुरक्षा अपडेट यात अडकून राहणार नाहीत, याकडे लक्ष असावे.

लॅपटॉपचे वेळापत्रक रात्री अकराचे ठेवले आणि लॅपटॉप आठ वाजता मिटला, तर बॅकअप कधीच होणार नाही. ‘चुकलेला बॅकअप संगणक सुरू होताच घ्यावा’ अशा अर्थाचा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरांत असतो, तो चालू करावा. वीज वारंवार जाणाऱ्या भागात संगणकाबरोबर बाह्य डिस्कही यूपीएसवर असावी. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क भिंतीतल्या प्लगला आणि संगणक यूपीएसला, अशी जोडणी अनेक कार्यालयांत दिसते आणि बॅकअपच्या मध्येच डिस्क बंद पडते.

आठवड्यातून एकदा लॉग उघडून शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख आणि त्याचा आकार पाहावा. आकार बोलका असतो : नेहमी ३ जीबीचा होणारा बॅकअप अचानक ४० एमबीचा झाला, तर एखादे फोल्डर हलवले गेले आहे, अचानक ९० जीबीचा झाला, तर कोणी चित्रपट साठवले आहेत, नाहीतर फाइली रॅन्समवेअरने बदलल्या आहेत. महिन्यातून एकदा दोन-तीन फाइली परत आणाव्यात, तिमाहीत एकदा रेस्क्यू ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहावा, आणि बाह्य डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने तपासावी. तेथे ‘कॉशन’ दिसल्यास ती डिस्क बॅकअपच्या कामातून काढावी. जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला पाळतात, आणि तो दिवस आपल्याकडील हिशेबनीसांना मान वर करू न देणारा असतो. तेव्हा वार्षिक पूर्ण तपासणी फेब्रुवारीतच उरकावी.

पायरी सातवी : बॅकअप सॉफ्टवेअरच निरोप घेते तेव्हा

ऑपरेटिंग सिस्टीमप्रमाणे बॅकअप सॉफ्टवेअरलाही अंत असतो. घरगुती ग्राहकांसाठीची क्रॅशप्लॅनची सेवा २२ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झाली. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीला १ जानेवारी २०२४ नंतर सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. अशी घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी सर्व उखडण्याची गरज नाही, पण पुढचे मोठे विंडोज अपडेट येण्याआधी पर्याय ठरलेला असावा.

नवे सॉफ्टवेअर बसवून त्याच्याने पूर्ण बॅकअप घेऊन रिस्टोअरची चाचणी होईपर्यंत जुने काढू नये; त्याचे वेळापत्रक तेवढे थांबवावे. चाचणी झाली की जुने सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या ‘अनइन्स्टॉल’ने काढावे, कंपनीने सफाईचे वेगळे साधन दिले असल्यास तेही चालवावे, आणि लायसन्स त्या संगणकावरून ‘डीॲक्टिव्हेट’ करावे, नाहीतर नव्या संगणकावर ते बसण्यास नकार देईल. जुन्या बॅकअपच्या फाइली मात्र त्या सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपात असतात आणि दुसऱ्या कोणालाही उघडत नाहीत. म्हणून त्याचा इन्स्टॉलर, लायसन्स की आणि शेवटचा रेस्क्यू ड्राइव्ह त्याच डिस्कसोबत एका पाकिटात ठेवावा, आणि त्या बॅकअपांची आवश्यकता कायद्याने किंवा कामाने जेवढी वर्षे आहे तेवढी वर्षे तो सांभाळावा. त्यातील मोजकेच दस्तऐवज दीर्घकाळ लागणार असतील, तर ते आत्ताच बाहेर काढून साध्या फोल्डरमध्ये, साध्या फाइली म्हणून वेगळ्या डिस्कवर उतरवावेत आणि त्या डिस्कचे नाव वहीत लिहावे.